तू सुटला नाहीस

व्यंकी,

तुला नेलं त्या दिवशी मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या अप्पांच्या मागे उभी होते. येणारा-जाणारा एकच शब्द बोलत होता. पानटपरीवाला म्हणाला, सुटला बिचारा. शेजारच्या कारखान्यातली बाई म्हणाली, सुटलं गं लेकरू. एक जण तर म्हणाला, आईबापपण सुटले. मला एकेकाची गचांडी धरून विचारायचं होतं, तुम्हाला कुणी सांगितलं त्याला सुटायचं होतं म्हणून? किडनीच्या यादीत नाव होतं त्याचं. कधी फोन येईल सांगता येत नाही म्हणून तो मोबाइलची बॅटरी पन्नास टक्क्यांच्या खाली जाऊ देत नव्हता. अंघोळीला जातानाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवायचा. सुटायला बसलेला माणूस असं करतो काय?

मी तिथं काही बोलले नाही.  म्हणून आता लिहिते आहे. तू सुटला नाहीस व्यंकटेश. तुला जायचं नव्हतं आणि तुला नेलं. यात चांगलं काही झालेलं नाही, आणि कुणी चांगलं म्हणायला लागलं तर मी ऐकून घेणार नाही.

आपण भेटलो तेव्हा मी सोळाची होते, तू सतराचा. दोघांच्याही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, रक्त मशीनमधून फिरवून आणायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पाळी. खिडकीजवळचा बेड तुझा आणि शेजारचा माझा. पहिल्या दिवशी त्या दोन जाड सुया बघून मी हमसून रडायला लागले, तर तू मान वळवून म्हणालास, "रड, रड. तेवढंच अंगातलं पाणी कमी होतंय. मशीनला हलकं पडंल."

मला तेव्हा वाटलं हा बारा वर्षांचा पोरगा मला काय शिकवतोय. दिसायचासच तेवढा. लहानपणीच दुखणं लागल्यामुळे तुझी उंची तिथंच थांबली होती. लता सिस्टर सोडली तर सगळे तुला 'बाळ' म्हणायचे. तू प्रत्येकाला दुरुस्त करायचास, "बाळ न्हाय, व्यंकटेश. दाढी यायलीय मला, जवळ येऊन बघा." मग मला नाव विचारलंस. कोमल म्हटल्यावर एवढा हसलास की मशीन पीं-पीं करायला लागली. "तू? सकाळपासनं तीनदा सिस्टरवर खेकसलीस. बाभळीला जाई म्हटल्यासारखं झालं की हे."

आपल्याला दिवसाला एक लिटर पाणी. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. सोलापूरचा मे महिना आणि एक लिटर. तू टॉवेल ओला करून डोक्यावर घ्यायचास, तुमच्याच घरच्या मागावर विणलेला, आणि म्हणायचास, "पिता येत न्हाय तर नेसू." मला शेंगांची चटणी बंद झाली होती. मी तिच्यासाठी इतकी हळहळत होते की एकदा तू घरून डबीत बोटाच्या पेरावर मावेल एवढी चटणी आणलीस. आपण दोघांनी ती सुईच्या टोकानं खाल्ल्यासारखी खाल्ली, आणि लता सिस्टरनं डबी हुंगून दोघांचे कान पिळले.

मग ते पुस्तक आलं. लता सिस्टरनं तिच्या मुलीच्या कपाटातून आणलं होतं. आजारी मुलगी, तिच्यावर प्रेम करणारा मुलगा, थंड हवेचं गाव. "तुमच्याच वयाची आहेत, वाचा." तू सातवीपर्यंत तेलुगू शाळेत शिकलास, मराठी वाचताना अडखळायचास, म्हणून मी मोठ्यानं वाचायचे. तुझ्यासाठी म्हणून वाचायचे, पण सगळे आठ बेड ऐकायचे. पलीकडचे निवृत्त गुरुजी तर मध्येच डोळे पुसायचे.

तू मात्र पहिल्या दिवसापासून चिडलास. त्या मुलीला काय झालंय हेच पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. ती फक्त फिकट होत जायची आणि जितकी फिकट तितकी सुंदर दिसायची. "हिला उलटी होत न्हाय? अंग खाजत न्हाय? पायात गोळे येत न्हाईत? हिला कधी संडासला तरी जायचं असतंय का न्हाय?" मी वाचत असले की तू मध्येच भर घालायचास. मी वाचायचे, "तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं," की तू लगेच, "आणि त्याच्या शर्टावर ओकली." सगळा वॉर्ड हसायचा. गुरुजी रागवायचे आणि मग तेही हसायचे.

शेवटी ती मुलगी गच्चीवर, चांदण्यात, छान छान बोलून मरते आणि तो मुलगा शहाणा होतो. मला रडू आलं होतं. तू पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलंस. "हिला मारलं कशाला, तर त्याला अक्कल यावी म्हणून? त्याची अक्कल त्यानं बघावी की. ही पोरगी काय शिकवणी घ्यायला आलती?" मी म्हटलं, गोष्टीला शेवट लागतो. तू म्हणालास, "दोघं आजारी राहतेत, दोघं म्हातारे होतेत, रोज भांडतेत. हा शेवट न्हाय काय?" आपलं त्यावर चार पाळ्या भांडण चाललं. मी म्हणत होते असलं पुस्तक कुणी वाचणार नाही. तू म्हणालास, "मी वाचंन. अडखळत का हुईना, वाचंन."

त्याच भांडणात कधीतरी कळलं, की शुक्रवार संपला की मला सोमवारची घाई होते. तुला हे आधीच कळलं होतं. तू तसं सरळ सांगितलंसही. नर्सिंग ट्रॉलीच्या आडून, बीपी नव्वदवर आलेलं असताना, ओठ पांढरे पडलेले. "कोमल, मला तू लई आवडतीस. चक्कर येऊलालीय म्हणून म्हणत न्हाय." मी म्हटलं, मलाही. आणि सिस्टरला हाक मारली, कारण तुला खरंच चक्कर आली होती.

खरी गंमत पुढे होती. आपल्याला कुणीच रागावलं नाही! माझ्या वर्गातल्या एका मुलीला नुसतं एका मुलाबरोबर बोलताना पाहिलं म्हणून घरातून बाहेर पडणं बंद केलं होतं. आणि आपण दोघं हातात हात घालून कॉरिडॉरमध्ये बसलो तर लोक मायेनं बघायचे. "असू दे, तेवढंच लेकरांना." तुला ते सुईपेक्षा टोचायचं. "तेवढंच म्हणजे किती?" असं तू एका बाईला विचारलंसही. मला म्हणालास, "आपल्याला पाप करायलासुद्धा पुरंल एवढं आयुष्य न्हाय असं वाटतंय ह्यांना."

म्हणून तू माझ्या अप्पांकडे गेलास. अप्पा सांगोल्याकडचे, मेंढरामागं वाढलेले. माझ्या दुखण्यामुळे मेंढरं चुलत्यावर सोपवून चिंचोळी एमआयडीसीत गेटवर वॉचमन झालेले. रात्रपाळी करून सरळ मला न्यायला यायचे आणि बाकावर पेंगायचे. तू त्यांच्यासमोर ताठ उभा राहिलास. "काका, माझं कोमलवर प्रेम आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

अप्पांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं, बरं. गोळ्या खाल्ल्यास का?"

तू दोन दिवस माझ्याशीसुद्धा धड बोलला नाहीस. "तुझ्या बापानं मला न्हाय म्हणायला पाहिजे होतं," एवढंच पुटपुटत राहिलास.

आणि मग तो नवी पेठेतला बुधवार. तू तुझ्या भावाची स्कूटी आणली होतीस. अप्पांना त्या दिवशी उशीर झाला होता, ते यायच्या आत डायलिसिस संपल्या-संपल्या मला घेऊन निघालास. कुठं म्हटलं तर सांगेना. बांगड्यांच्या दुकानात नेलंस. माझ्या डाव्या हातात ऑपरेशन करून जाड केलेली नस होती, सुया तिथंच टोचायच्या, त्या हाताला बांगडी, घड्याळ, काही चालत नव्हतं. म्हणून मी दोन्ही हात मोकळे ठेवायचे. तू दुकानदाराला म्हणालास, "एकाच हातात घालायच्या आहेत. उजव्या." तो म्हणाला, बांगड्या अशा अर्ध्या देत नसतात, अपशकुन असतो. तू म्हणालास, "शकुन-बिकुन आमच्या सिस्टरला विचारा. हिरव्या दाखवा."

सहा हिरव्या बांगड्या माझ्या उजव्या हातात चढल्या आणि बाहेर पडताना कुणाचा तरी धक्का डाव्या हाताला लागला. पट्टी सरकली. रक्त पातळ करायचं औषध अजून अंगात होतं, त्यामुळे धार लागली. लोक ओरडायला लागले. रिक्षा बोलवा, पाणी आणा, कांदा लावा. तू मला एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर बसवलंस, हात वर धरलास आणि अंगठा बरोब्बर त्या ठिकाणी दाबलास. माझ्या खिशातला फोन काढून दुसऱ्या हातानं अप्पांना लावलास. "घाबरू नको. मला सगळं माहीत आहे. हलू नको फक्त."

अप्पा आले तेव्हा माझा पांढरा कुर्ता निम्मा लाल होता. त्यांनी आधी मला बघितलं, मग माझ्या बांगड्या, मग तुला. आणि तुझ्या कानाखाली अशी लगावली की समोरच्या दुकानातले लोक उठून उभे राहिले.

"माझ्या पोरीला कुटं घेऊन आलास रं? कुनाला इचारलंस?"

तुझा चष्मा पायरीवरून खाली गेला. पण तुझा अंगठा हलला नाही. तू वर बघून म्हणालास, "काका, दुसऱ्या बाजूलापण मारा. पण पाच मिनिटं थांबा. रक्त थांबू दे."

अप्पा तिथंच पायरीवर बसले. तुझ्या अंगठ्याकडे बघत राहिले.

शुक्रवारी तू गालावरची बोटं उमटलेली जागा आठही बेडना दाखवलीस. वळ कधीच गेले होते, पण तू बोट ठेवून दाखवत होतास. "हिच्या बापानं मारलं मला. बाळ समजून न्हाय, पोरगा समजून मारलं." तुला इतकं खूश मी परत कधी बघितलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे.

माझ्या आईचा रक्तगट माझ्याशी जुळत होता. पुण्याला जाऊन पुढच्या टेस्ट केल्या की तिची किडनी मला मिळू शकत होती. तुला घरात देणारं कुणी नव्हतं. तुझ्या अम्माला साखर, वडिलांना, म्हणजे नान्नांना, बीपी, भावाचा गट वेगळा. मी आधी म्हटलं बारावी होऊ दे. मग म्हटलं उन्हाळा जाऊ दे. मग ताप आला, मग नुसतीच टाळाटाळ. लता सिस्टरनं तुला सांगितलं, आणि तू मशीन चालू असतानाच उठून बसलास.

"तू माझ्यासाठी थांबलीस?"

"थांबले तर काय झालं?"

"मग आपण त्या पुस्तकात गेलो की! तू माझ्यापायी मरायची आणि मी शहाणा व्हायचं?"

मी म्हटलं, "तू मला सांगणारा कोण?"  दुसऱ्या दिवशी तू सिस्टरला सांगून तुझी पाळी दुपारची करून घेतलीस. दोन आठवडे खिडकीजवळच्या बेडवर एक अनोळखी आजोबा घोरत होते. शेवटच्या शुक्रवारी मी मुद्दाम थांबले, दीड वाजेपर्यंत, कॉरिडॉरमध्ये. तू वजनकाट्यावर उभा राहिलास, उतरलास, मला बघितलंस. विचारलंस, "टेस्ट झाल्या?"

मी म्हटलं, "नाही."

तू आत गेलास. रविवारी दुपारी, मागांची खडखड चालू असताना, तू कारखान्यात टॉवेलांच्या गठ्ठ्यावर आडवा झालास आणि तुझं हृदय थांबलं. शुक्रवार ते सोमवार हा मधला काळ आपल्यासारख्यांना लांब पडतो, हे आपल्याला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द 'नाही' आहे.

तुला एक सांगायचं राहिलं, आणि ते जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं. मी फक्त तुझ्यासाठी थांबले नव्हते. मला भीती वाटत होती. आईला माझ्यासाठी कापतील, ती परत तशी उभी राहील का, तिची किडनी माझ्या अंगात टिकलीच नाही तर मी तिच्याकडे कोणत्या तोंडानं बघू. ही भीती सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी तुझं नाव पुढे केलं. प्रेमासाठी थांबले म्हटलं की ऐकायला बरं वाटतं ना. तू त्या खोट्यावर चिडलास आणि तो राग घेऊन गेलास. हे मी कुणाच्या माथी मारू? माझ्याच माथी आहे, राहू दे.

दिवसांच्या कार्याला अप्पा म्हणाले, "चल, जाऊ." मी नको म्हणत होते. तुमच्या घरी पुरुष बाहेर बसले होते, बायका आत. अम्मांनी सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शेजारणीला विचारलं, "एवरु ई पिल्ला?" मला तेलुगू येत नाही, पण ही मुलगी कोण, एवढं कळलं. शेजारीण मराठीत म्हणाली, "दवाखान्यातली वळखीची आहे."

अप्पा उंबऱ्यातच उभे होते. ते मोठ्यानं म्हणाले, "वळखीची न्हाय."

 अप्पांना बोलायची सवय नाही, तुला माहीत आहे. "तुमच्या पोरानं माझ्याकडं पोरगी मागितली हुती. पयल्यांदा म्या हसण्यावारी न्हेलं, ती चूक झाली. दुसऱ्यांदा मारलं. आजारी हाय म्हनून सोडलं न्हाय. आनि त्यो जगला असता, तर म्या पोरगी दिली नसती. आमच्यात चालत न्हाय. म्या भांडलो असतो त्याच्याशी."

मला वाटलं आता धरणी दुभंगावी. नान्ना बाहेरून उठून आले. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "तुमी द्यायचा प्रश्न कुटं येतोय? आमी तरी केली असती काय? आमच्यात पोरगी आमच्यातलीच पाहिजे. आमी पद्मशाली आहोत, आम्हालापण रीत आहे."

"मग त्यानं मागितली कशाला?"

"त्यानं आम्हाला विचारलं न्हवतं!"

"मला तरी कुटं इचारलं? बांगड्या भरल्या थेट!"

"बांगड्या?" नान्नांचा आवाज चढला. "बांगड्या घातल्या त्यानं?"

व्यंकी, मातीला अकरा दिवस झालेल्या पोराच्या लग्नावरून दोन बाप हमरीतुमरीवर आले होते. पाहुणे मध्ये पडायला उठले. आणि मी तिथं उभी राहून रडत होते आणि मला हसू येत होतं, कारण कुणीही 'तेवढंच लेकरांना' म्हणत नव्हतं. तुला एका पूर्ण माणसासारखं धरून ते भांडत होते. शेवटी नान्नांचाच आवाज फुटला. ते अप्पांच्या खांद्यावर कोसळले आणि अप्पांनी त्यांना धरून ठेवलं. अम्मांनी मला हाताला धरून आत नेलं, आपल्या शेजारी बसवलं. माझ्या उजव्या हातावरून त्या कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी आणि आई पुण्याला जाऊन आलो. पहिल्या टेस्ट झाल्या, जुळल्या. तिथल्या एका मॅडमनी आईला वेगळं बसवून विचारलं, "कुणी जबरदस्ती केली नाही ना?" आई म्हणाली, "माझी पोरगीच मला नको म्हनत हुती. जबरदस्ती म्याच केली." मग मला विचारलं, भीती वाटते का. मी पहिल्यांदा खरं सांगितलं. वाटते म्हटलं, लई वाटते. ऑपरेशन दोन महिन्यांनी आहे. किडनी चालेल, कदाचित नाही चालणार. मी हो म्हटलं आहे.

पण हे नीट ऐक. मी तुझ्यासाठी जगणार नाही. तुझी स्वप्नं पूर्ण करणार नाही, तुला आयटीआयला जायचं होतं, तो फॉर्म तुझा तू भरायचा होता. लता सिस्टर परवा म्हणाली, "तो तुला ताकद देऊन गेला." मी म्हटलं, सिस्टर, तो काही देऊन गेला नाही, त्याला सगळं हवं होतं, तो मध्येच गेला. तुझं जाणं माझ्या कामाला आलं असं मी कधीच कुणाला म्हणू देणार नाही.

मला पुढच्या महिन्यात एकोणीस पूर्ण होतील. तू एकोणीसवरच थांबलास. म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षी मी तुझ्यापेक्षा मोठी होईन, आणि मग होतच राहीन. माझं वजन वाढेल, केस पिकतील, मी कुणाकुणावर खेकसेन. कदाचित कुणाच्या तरी प्रेमात पडेन, धडधाकट, उंच, नीट मराठी वाचणाऱ्या माणसाच्या, आणि तेव्हा तुला विचारायला थांबणार नाही. हे वाचून तू चिडला असशील. चीड. खुशाल चीड. मला तू तसाच आवडायचास.

कोमल